पॅकेटवर आत्ता कोणता पत्ता आहे?

राउटरवर स्टॅटिक नॅट, म्हणजे आतल्या एका यंत्राचा खासगी पत्ता आणि बाहेरच्या जगाला दिसणारा एक सार्वजनिक पत्ता यांची कायमची अदलाबदल, बसवायला तीन ओळी पुरतात. आतल्या इंटरफेसवर (राउटरला केबल जोडायची जागा) एक, बाहेरच्या इंटरफेसवर एक आणि दोन पत्त्यांची जोडी लावणारी तिसरी. तरीही या विषयावर माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक तक्रारींची सुरुवात एकसारखी असते: "नॅट टाकलंय, टेबलमध्ये नोंदही दिसतेय, पण बाहेरून सर्व्हर उघडत नाही." नोंद दिसते हे खरंच असतं. सिस्कोच्या राउटरवर स्टॅटिक नोंद ओळ टाकल्याक्षणी टेबलमध्ये येऊन बसते, एकही पॅकेट (नेटवर्कवरून जाणारा माहितीचा तुकडा) आलेलं नसलं तरी. म्हणून ती नोंद पाहून नॅट चालू आहे असं समजायचं कारण नाही.

अशा वेळी मी कागद पुढे ओढते आणि विचारते: पॅकेट आत्ता कुठे आहे, आणि त्याच्यावर आत्ता कोणता पत्ता आहे? मग एकेक टप्पा लिहायचा. बाहेरच्या केबलवर असताना काय, ॲक्सेस लिस्टपाशी (कोणतं पॅकेट जाऊ द्यायचं ते सांगणारी नियमांची यादी) काय, नॅट झाल्यावर काय, सर्व्हरपाशी काय, आणि परतीच्या वाटेवर पुन्हा तेच उलट क्रमाने. नॅटशी संबंधित जवळजवळ प्रत्येक अडचण या कागदावर सापडते, कीबोर्डवर सापडत नाही, असा माझा अनुभव आहे. म्हणून हा लेख मी त्या कागदाच्या क्रमानेच लिहिते आहे.

उदाहरण ठरवून घेऊ. आतला सर्व्हर १९२.१६८.१०.१०. बाहेर मिळालेला गट २०३.०.११३.०/२८, म्हणजे वापरता येणारे पत्ते .१ ते .१४. इंटरनेट पुरवठादाराचा राउटर .१, आपला राउटर .२, आणि सर्व्हरला जगासमोर द्यायचा पत्ता २०३.०.११३.१०. (२०३.०.११३.०/२४ हा गट २०१० सालच्या आरएफसी ५७३७ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजाने उदाहरणांसाठीच राखून ठेवला आहे. लेखात कुणाचा तरी खरा पत्ता वापरण्यापेक्षा हा वापरावा.) कमांड मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिते; टाइप करताना त्या रोमन लिपीतच जातात.

पण त्याआधी एक गोष्ट तपासा. राउटरच्या बाहेरच्या इंटरफेसला मिळालेला पत्ता खरोखर सार्वजनिक आहे का? तो १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतच्या पट्ट्यात असेल, तर तुमच्यापुढे पुरवठादाराचंच आणखी एक नॅट उभं आहे. १००.६४.०.०/१० हा पट्टा २०१२च्या आरएफसी ६५९८ने याच कामासाठी दिला. तो असताना तुम्ही आपल्या राउटरवर कितीही नीट स्टॅटिक नॅट लावलं, तरी बाहेरून आलेलं पॅकेट तुमच्या दारापर्यंत पोचणारच नाही. बाहेरच्या बाजूला १०, १७२.१६ ते १७२.३१ किंवा १९२.१६८ने सुरू होणारा पत्ता दिसला तरी तेच. अशा वेळी पुरवठादाराकडून स्थिर सार्वजनिक पत्ता घ्यावा लागतो.

नॅटची कल्पना मे १९९४च्या आरएफसी १६३१मध्ये केल्ड एगेवांग आणि पॉल फ्रान्सिस यांनी मांडली, आणि तीही पत्ते संपण्यावरचा अल्पकालीन उपाय म्हणून. आयपीव्ही४चा पत्ता ३२ बिटांचा, म्हणजे सगळे मिळून सुमारे ४२९ कोटी. फेब्रुवारी १९९६मध्ये आरएफसी १९१८ने खासगी पत्त्यांचे तीन गट पक्के केले, आणि ३ फेब्रुवारी २०११ रोजी जगभरचे पत्ते वाटणाऱ्या आयएएनए या संस्थेकडचे मोकळे पत्ते संपले. अल्पकालीन म्हणून आलेली गोष्ट आज प्रत्येक कार्यालयाच्या आणि घराच्या राउटरमध्ये आहे, तेव्हा ती नीट समजून घेणं भागच आहे.

रोजच्या वापरात जे नॅट असतं, त्यात आतली सगळी यंत्रं एकाच बाहेरच्या पत्त्यामागे उभी राहतात आणि पोर्टच्या (एका यंत्रावरची वेगवेगळी दारं) क्रमांकावरून राउटर त्यांना ओळखतो. सिस्कोच्या भाषेत ओव्हरलोड, लिनक्समध्ये मास्करेड. त्यातली नोंद आतून पहिलं पॅकेट निघाल्यावर तयार होते आणि काही काळ वापरली गेली नाही की पुसली जाते. बाहेरच्याला आत यायचं असेल तर अशी नोंद आधीच असायला हवी, आणि कायम असायला हवी. स्टॅटिक नॅट हेच करतं: एक आतला पत्ता, एक बाहेरचा पत्ता, दोन्ही दिशांनी, सगळ्या पोर्टसह.

"मग पोर्ट फॉरवर्डिंग का नको? ४४३ हे वेबचं पोर्ट तेवढं आत पाठवलं की झालं." हा प्रश्न रास्त आहे, आणि फक्त वेबसाइट असेल तर पोर्ट फॉरवर्डिंगच पुरतं, माझाही सल्ला तोच असतो. पण मेल सर्व्हर घ्या. पोर्ट २५ आत वळवलं की येणारी मेल येते. जाणारी मेल मात्र सर्व्हर स्वतः सुरू करतो, तिला पोर्ट फॉरवर्डिंगची ओळ लागूच होत नाही. ती ओव्हरलोडमधून, राउटरच्या पत्त्यावरून म्हणजे २०३.०.११३.२ वरून बाहेर पडते. पलीकडचा सर्व्हर उलटं डीएनएस (पत्त्यावरून नाव) पाहतो, एसपीएफची नोंद (या नावाने मेल कोणत्या पत्त्यांवरून येऊ शकते ती यादी) पाहतो, तिथे लिहिलेलं असतं .१०. पत्ता जुळत नाही, आणि मेल स्पॅममध्ये जाते किंवा नाकारली जाते. वर आणखी, कार्यालयातलं एखादं बाधित यंत्र स्पॅम पाठवू लागलं की .२ काळ्या यादीत जातो आणि त्याच्याबरोबर तुमचा निर्दोष मेल सर्व्हरही. एकास एक स्टॅटिक नॅटमध्ये सर्व्हर येता-जाता .१० याच पत्त्याने ओळखला जातो. मेलसाठी मी म्हणूनच त्याचा आग्रह धरते.

आता त्या तीन ओळी. आतल्या इंटरफेसवर: आयपी नॅट इनसाइड. बाहेरच्या इंटरफेसवर: आयपी नॅट आउटसाइड. आणि ग्लोबल कॉन्फिगरेशनमध्ये: आयपी नॅट इनसाइड सोर्स स्टॅटिक १९२.१६८.१०.१० २०३.०.११३.१०. आधी आतला पत्ता, मग बाहेरचा. 'सोर्स' हा शब्द पाहून हे फक्त आतून बाहेर जाणाऱ्या पॅकेटसाठी आहे असं अनेकांना वाटतं. तसं नाही. बाहेर जाताना सोर्स बदलतो, आत येताना त्याच ओळीने डेस्टिनेशन बदलतं. उलट दिशेसाठी वेगळी ओळ टाकायची गरज नाही, आणि टाकली तर गोंधळच होतो.

शो आयपी नॅट ट्रान्सलेशन्स दिली की पत्त्यांचे चार रकाने दिसतात: इनसाइड ग्लोबल, इनसाइड लोकल, आउटसाइड लोकल, आउटसाइड ग्लोबल. आपल्या उदाहरणात इनसाइड लोकल १९२.१६८.१०.१०, इनसाइड ग्लोबल २०३.०.११३.१०. आउटसाइडचे दोन्ही रकाने म्हणजे पलीकडचा ग्राहक. त्याचा पत्ता आपण बदलत नाही, म्हणून दोन्हीकडे एकच दिसतो. नुसती स्टॅटिक नोंद असताना प्रोटोकॉलच्या आणि आउटसाइडच्या रकान्यांत नुसत्या रेघा असतात. खरी वाहतूक सुरू झाली की तिच्याबरोबर टीसीपी, पोर्ट आणि पलीकडचा पत्ता असलेल्या वेगळ्या ओळी उमटतात. पाहायच्या असतात त्या या ओळी. त्या नसतील तर पॅकेट नॅटपर्यंत आलेलंच नाही, आणि मग नॅटची ओळ पुन्हा पुन्हा काढण्या-घालण्यात अर्थ नाही.

पॅकेट नॅटपर्यंत का येत नाही? दोन मोठी कारणं. एक ॲक्सेस लिस्ट, दुसरं एआरपी (एखादा पत्ता कुठल्या यंत्राकडे आहे हे विचारण्याची पद्धत).

ॲक्सेस लिस्टचा प्रश्न परवा एका तरुण सहकाऱ्याने आणला. बाहेरच्या इंटरफेसवर आत येणाऱ्या दिशेने त्याने लिस्ट लावली होती, आणि तिच्यात परवानगी होती १९२.१६८.१०.१० या पत्त्याला, पोर्ट ४४३साठी. "मॅडम, सर्व्हरचा पत्ता बरोबर आहे, मी तीनदा पाहिला." पत्ता बरोबरच होता, फक्त त्या जागी तो पॅकेटवर नव्हता. मी त्याला म्हटलं, लिस्टपाशी पॅकेट येतं तेव्हा त्याच्यावर काय लिहिलेलं असतं ते लिही. त्याने २०३.०.११३.१० लिहिलं, थांबला, आणि स्वतःच म्हणाला, "म्हणजे परवानगी बाहेरच्या पत्त्याला द्यायची." अगदी तेच.

सिस्को आयओएसमध्ये (सिस्कोच्या राउटरची कार्यप्रणाली) क्रम ठरलेला आहे. बाहेरून आत येताना: आधी इंटरफेसवरची ॲक्सेस लिस्ट, मग नॅट, मग राउटिंग. म्हणून बाहेरच्या इंटरफेसच्या येत्या लिस्टमध्ये सार्वजनिक पत्ता लिहायचा. आतून बाहेर जाताना: आधी लिस्ट, मग राउटिंग, मग नॅट, आणि शेवटी बाहेरच्या इंटरफेसवर जाती लिस्ट असेल तर ती. म्हणजे आतल्या इंटरफेसच्या येत्या लिस्टला खासगी पत्ता दिसतो, बाहेरच्या जात्या लिस्टला सार्वजनिक.

हे पाठ करून ठेवा, पण सगळीकडे लागू समजू नका. सिस्कोच्याच एएसए फायरवॉलवर ८.३ आवृत्तीपासून लिस्टमध्ये खरा, म्हणजे आतला पत्ता लिहावा लागतो. त्याआधीच्या आवृत्त्यांमध्ये बाहेरचा लिहीत. लिनक्सवर डेस्टिनेशन बदलण्याचं काम प्रीराउटिंगमध्ये, म्हणजे मार्ग ठरण्याआधी, होतं आणि गाळणी त्यानंतर फॉरवर्ड साखळीत लागते, म्हणून तिथेही नियमात आतलाच पत्ता. एकाच कंपनीच्या दोन उपकरणांवर उलटसुलट उत्तर येतं. म्हणूनच नियम पाठ करण्यापेक्षा टप्पे लिहिणं मला जास्त भरवशाचं वाटतं.

आता एआरपी. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण या भागाकडे सर्वांत कमी लक्ष जातं.

२०३.०.११३.१० हा पत्ता कुठल्याही यंत्राच्या इंटरफेसवर बसवलेला नाही. पुरवठादाराच्या राउटरला मात्र तो आपल्याच सबनेटमध्ये (पत्त्यांच्या एकाच गटात), केबलच्या पलीकडे असल्याचं माहीत आहे. पॅकेट आलं की तो एआरपीने विचारतो: .१० कुणाकडे आहे? या प्रश्नाला कुणीतरी उत्तर द्यायला हवं. आयओएस राउटर स्टॅटिक नॅटमधला पत्ता बाहेरच्या इंटरफेसच्या सबनेटमधला असेल तर स्वतःच उत्तर देतो, स्वतःचा मॅक पत्ता (हार्डवेअरचा क्रमांक) सांगतो. वेगळं काही करावं लागत नाही, आणि त्यामुळेच असं काही घडतं याची अनेकांना कल्पना नसते. मग लिनक्सचं यंत्र राउटर म्हणून लावलं, प्रीराउटिंगचा नियम अचूक लिहिला, आणि काहीच येत नाही. नुसता नॅटचा नियम लिहिल्याने लिनक्स त्या पत्त्यासाठी एआरपीला उत्तर देत नाही. तो पत्ता बाहेरच्या इंटरफेसला जोडीचा पत्ता म्हणून द्यावा लागतो किंवा त्याच्यासाठी प्रॉक्सी एआरपी लावावी लागते.

दुसरी परिस्थिती अशी, की .१० आधी एखाद्या जुन्या फायरवॉलवर होता आणि आज तुम्ही तो नव्या राउटरवर आणला. सगळं बरोबर आहे, पण पुरवठादाराच्या राउटरच्या एआरपी टेबलमध्ये जुन्या यंत्राचा मॅक पत्ता अजून आहे. सिस्कोच्या राउटरवर ही नोंद मुळात चार तास, म्हणजे १४,४०० सेकंद टिकते. तेवढा वेळ पॅकेट जुन्या मॅक पत्त्याच्या नावाने येत राहतात आणि तुमचा राउटर ती सोडून देतो. थोड्या वेळाने आपोआप सुरू झालं असं सांगणाऱ्यांच्या बाबतीत अनेकदा हेच झालेलं असतं. उपाय दोन: पुरवठादाराला ती नोंद पुसायला सांगणं, किंवा आपल्या यंत्रावरून ग्रॅच्युइटस एआरपी पाठवणं, म्हणजे कुणी न विचारताच '.१० माझ्याकडे आहे' असं जाहीर करणं. बदलाची वेळ ठरवताना पुरवठादाराच्या माणसाला त्या वेळी फोनवर उपलब्ध राहायला सांगून ठेवते ती यासाठीच.

आणि तिसरी, सर्वांत सोपी परिस्थिती: पुरवठादाराने तुम्हाला जोडणीसाठी एक छोटं सबनेट दिलंय आणि पत्त्यांचा वेगळा गट तुमच्या राउटरकडे राउट केलाय. मग त्या गटासाठी एआरपीचा प्रश्नच येत नाही. पॅकेट थेट राउटरच्या पत्त्याकडे पाठवली जातात. निवड करता येत असेल तर मी नेहमी हीच व्यवस्था मागते.

एआरपी आणि लिस्ट दोन्ही पार झाल्या की पॅकेट बदलतं. बदलतं म्हणजे नेमकं काय, हे पाहण्यासारखं आहे. आयपी हेडरमधला (पॅकेटच्या सुरुवातीच्या भागातला) पत्ता बदलला की त्या हेडरचा चेकसम (चूक तपासायची बेरीज) बदलावा लागतो, हे उघड आहे. पण टीसीपी आणि यूडीपी यांचे चेकसम काढतानाही दोन्ही आयपी पत्ते हिशेबात धरलेले असतात, तेव्हा तेही बदलावे लागतात. राउटर अख्खं पॅकेट पुन्हा न मोजता जुन्या-नव्या पत्त्यांमधल्या फरकावरून चेकसम दुरुस्त करतो. एवढं काम प्रत्येक पॅकेटमागे, आणि तरीही आपल्याला विलंब जाणवत नाही. मला याचं आजही अप्रूप वाटतं.

आयसीएमपीच्या चूक कळवणाऱ्या संदेशांच्या पोटात मूळ पॅकेटचं हेडर असतं. नॅटला तिथे आत शिरून तेही बदलावं लागतं, नाहीतर सर्व्हरला तो संदेश कशाबद्दल आहे हे कळणारच नाही. राउटर हे इमानाने करतो. पण मग कुणीतरी सुरक्षेच्या नावाखाली बाहेरच्या लिस्टमध्ये आयसीएमपी पूर्ण बंद करतं, आणि 'पॅकेट मोठं आहे, तुकडे करणं गरजेचं' हा संदेशही अडतो. लक्षण ठरलेलं: जोडणी होते, छोटं पान उघडतं, मोठं पान किंवा फाइल अर्ध्यावर लटकते. पिंग बंद करायचा तर करा, हा संदेश मात्र येऊ द्या.

पत्ते हेडरमध्ये असतात तोवर ठीक. काही प्रोटोकॉल आपला पत्ता मजकुरात लिहून पाठवतात, फाइल पाठवण्याचा एफटीपी त्यातला जुना जाणता. पॅसिव्ह पद्धतीत सर्व्हर २२७ क्रमांकाच्या उत्तरात सांगतो: १९२,१६८,१०,१०,१९५,८०. पहिले चार आकडे पत्ता, शेवटचे दोन पोर्ट: १९५ गुणिले २५६ अधिक ८०, म्हणजे ५००००. बाहेरच्या ग्राहकाला १९२.१६८.१०.१० काय कामाचा? म्हणून राउटर हा मजकूर वाचून तिथे २०३,०,११३,१० लिहितो. आता गंमत पाहा. जुना पत्ता स्वल्पविरामांसकट १३ अक्षरांचा, नवा १२चा. पॅकेट एका बाइटने लहान झालं, आणि टीसीपी तर प्रत्येक बाइट मोजतं. म्हणजे त्या जोडणीत यापुढच्या सगळ्या पॅकेटांचे सीक्वेन्स आणि अकनॉलेजमेंट क्रमांक राउटरला त्या फरकाने जुळवून घेत राहावे लागतात. एफटीपीवर टीएलएसचं, म्हणजे एन्क्रिप्शनचं, आवरण चढवलं की राउटरला मजकूर वाचताच येत नाही, मग सर्व्हरच्या सेटिंगमध्येच बाहेरचा पत्ता आणि पॅसिव्ह पोर्टांचा पट्टा लिहावा लागतो. सिपवर (इंटरनेटवरून फोन लावण्याची पद्धत) चालणाऱ्या फोनचीही हीच जात: घंटी वाजते, पण आवाज एकाच बाजूने येतो. तिथे मी राउटरच्या मदतीपेक्षा फोन सर्व्हरलाच त्याचा बाहेरचा पत्ता सांगणं पसंत करते.

आतल्या लोकांना तोच सर्व्हर बाहेरच्या नावाने उघडायचा असतो, तेव्हा वेगळाच पेच पडतो. याला हेअरपिन म्हणतात. समजा १९२.१६८.१०.५० या यंत्राने नाव विचारलं, डीएनएसने २०३.०.११३.१० सांगितलं, आणि पॅकेट राउटरकडे आलं. आयओएसच्या इनसाइड-आउटसाइड पद्धतीत डेस्टिनेशन बदलतं ते आउटसाइड इंटरफेसवरून आलेल्या पॅकेटचं. हे पॅकेट इनसाइडवरून आलंय, म्हणून बदलत नाही. लिनक्सवर इंटरफेसची अट न घालता नियम लिहिला असेल तर डेस्टिनेशन बदलतं, पॅकेट सर्व्हरकडे जातं. पण सोर्स .५०च राहतो. सर्व्हर पाहतो, .५० तर माझ्याच सबनेटमध्ये आहे, आणि राउटरला न विचारता थेट उत्तर देतो. त्या उत्तरावर सोर्स असतो १९२.१६८.१०.१०. ग्राहकाने बोलणं सुरू केलं होतं २०३.०.११३.१०शी, हा कोण अनोळखी म्हणून तो जोडणी तोडतो. टप्पे लिहिले तर हे दोन मिनिटांत दिसतं, न लिहिता शोधायला बसलं तर दिवस जातो.

उपाय तीन. राउटरने अशा पॅकेटचा सोर्सही बदलायचा, म्हणजे उत्तर राउटरकडेच परत येतं. पण मग सर्व्हरच्या लॉगमध्ये आतले सगळे लोक राउटरच्या पत्त्याने दिसतात. किंवा आतल्या डीएनएसने त्याच नावाला आतला पत्ता सांगायचा. किंवा सर्व्हर वेगळ्या सबनेटमध्ये, डीएमझेडमध्ये ठेवायचा, म्हणजे उत्तराला राउटरमधून जाण्यावाचून गत्यंतर नाही. आयओएसवर तेवढ्याने भागत नाही, तिथेही आतला डीएनएस हवाच. मी डीएमझेड आणि आतला डीएनएस, दोन्ही लावते. बाहेरच्या जगाला उघडा असलेला सर्व्हर कर्मचाऱ्यांच्या यंत्रांशेजारी ठेवू नये हे तर कुठल्याही परिस्थितीत खरं आहे.

आणि हो, याच कारणासाठी आत बसून बाहेरच्या पत्त्याची चाचणी घेऊ नका. मोबाइलचं वायफाय बंद करा, मोबाइल डेटावरून पाहा.

शाखेशी आयपीसेक व्हीपीएन (इंटरनेटमधून जाणारा एन्क्रिप्ट केलेला बोगदा) असेल तर आणखी एक टप्पा कागदावर वाढतो. आयओएसमध्ये बाहेर जाताना नॅट आधी होतं आणि एन्क्रिप्शन नंतर. शाखेकडे जाणाऱ्या वाहतुकीला ओव्हरलोडमधून वगळण्यासाठी नॅटच्या लिस्टमध्ये नकाराची ओळ बहुतेकांनी टाकलेली असते, आणि सगळं सुरळीत चाललेलं असतं. मग सर्व्हरला स्टॅटिक नॅट लागतं, बाहेरच्या जगाला तो दिसू लागतो, आणि शाखेला दिसेनासा होतो. स्टॅटिक नोंद ओव्हरलोडच्या लिस्टला विचारत नाही. सर्व्हरने शाखेला पाठवलेलं उत्तर आधीच २०३.०.११३.१० होऊन जातं, व्हीपीएनच्या लिस्टमध्ये तो पत्ता नसतो, आणि पॅकेट बोगद्यात न शिरता उघड्यावर इंटरनेटकडे निघतं. इथे स्टॅटिक ओळीच्याच शेवटी राउट-मॅप (अटींची यादी) जोडून सांगावं लागतं, की शाखेच्या सबनेटकडे जाताना हा बदल करू नकोस.

सुरक्षेबद्दल थोडक्यात, पण जोर देऊन. ओव्हरलोडमागच्या यंत्रापर्यंत बाहेरून सहसा पोचता येत नाही, म्हणून लोक नॅटलाच फायरवॉल समजतात. स्टॅटिक नॅटने तो आडोसा त्या सर्व्हरपुरता पूर्ण जातो: ६५,५३५ पोर्ट, टीसीपी आणि यूडीपी दोन्ही, सगळं उघडं. रिमोट डेस्कटॉप, डेटाबेस, कुणीतरी कधीतरी तात्पुरतं चालू ठेवलेलं काही, सारं जगासमोर येतं. म्हणून आधी लिस्ट लावा, ती काम करते याची खात्री करा, आणि मग नॅटची ओळ टाका. क्रम हाच.

राउटरच्या बाहेरच्या इंटरफेसचा स्वतःचा पत्ता एकास एक नॅटसाठी वापरू नका. त्या पत्त्यावर येणारं सगळं सर्व्हरकडे वळेल, आणि त्यात दूरवरून राउटरमध्ये शिरण्यासाठी तुम्ही वापरत असलेलं एसएसएचही आलं. एकच पत्ता असेल तर पोर्ट फॉरवर्डिंगच करा.

ओळ बदलताना किंवा काढताना चालू वाहतुकीचं भान ठेवा. आयओएसवर वापरात असलेली स्टॅटिक ओळ काढायला गेलं की राउटर विचारतो, नोंद वापरात आहे, तिच्याखालच्या नोंदीही पुसू का? हो म्हटलं की त्या क्षणी चालू असलेल्या जोडण्या तुटतात. क्लिअर आयपी नॅट ट्रान्सलेशन आणि तारांकन ही कमांड फक्त वाहतुकीतून तयार झालेल्या नोंदी पुसते, कॉन्फिगर केलेली स्टॅटिक जोडी तशीच राहते. लिनक्सवर नॅटचे नियम जोडणीच्या पहिल्याच पॅकेटला विचारले जातात. पुढची सगळी पॅकेट कनेक्शन ट्रॅकिंगच्या नोंदीवरून जातात. म्हणून एका खिडकीत पिंग चालू ठेवून दुसऱ्या खिडकीत नियम बदलला, तर पिंग जुन्याच वाटेने जात राहतो आणि नियमाचा परिणाम झाला नाही असं वाटतं. पिंग थांबवा, जुनी नोंद पुसा, पुन्हा सुरू करा.

आणि सर्व्हर निवृत्त झाला की ही ओळ त्याच दिवशी काढा. जुन्या राउटरांची कॉन्फिगरेशन वाचताना मी सर्वांत आधी हेच पाहते: स्टॅटिक नॅटमधल्या प्रत्येक आतल्या पत्त्यावर आज कोण आहे? सर्व्हर कधीच बंद पडलेला असतो, १९२.१६८.१०.१० पुन्हा डीएचसीपीच्या (आपोआप पत्ते वाटणाऱ्या सेवेच्या) पट्ट्यात टाकलेला असतो, आणि तो आज कुणाच्या तरी लॅपटॉपला मिळालेला असतो. त्या माणसाला आपलं यंत्र इंटरनेटला उघडं आहे याची गंधवार्ताही नसते. म्हणून प्रत्येक स्टॅटिक जोडीसमोर सर्व्हरचं नाव, ती कुणी मागितली आणि कशासाठी, एवढं मी एका तक्त्यात लिहून ठेवते, आणि सर्व्हर बंद करण्याच्या कामांच्या यादीत 'राउटरवरची नॅट ओळ, तिच्यासोबतची लिस्टमधली परवानगी आणि डीएनएसची नोंद काढणे' हे काम सुरुवातीपासूनच घालते.